मुक्या जिवाची वेदना आणि आपले उत्तरदायित्व

अल्लाहने मानवावर ज्या असंख्य कृपा केल्या आहेत, त्यांत वाणी ही फार मोठी कृपा होय. दिव्य कुरआनच्या 'अर्रहमान' या अध्यायाच्या प्रारंभी मानवाची निर्मिती आणि त्याला दिलेली बोलण्याची शिकवण या दोहोंचा उल्लेख एकापाठोपाठ आला आहे (५५:३-४). या देणगीचे मोल दुखण्याच्या वेळी विशेष जाणवते. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, चमक येते की ठणका लागतो, हे रोगी सांगू शकतो आणि वैद्याचे अर्धे काम त्या सांगण्यानेच होते. परंतु ज्याला ही देणगी लाभलेली नाही, त्याचे काय? ज्याची वेदना केवळ एका किंकाळीतून प्रकट होते आणि तपासणी करूनही जिचे कारण हाती लागत नाही, त्या जिवाप्रती आपले कर्तव्य कोणते? कारण कळेपर्यंत ते कर्तव्य स्थगित राहते काय?

हा प्रश्न येथे एका विशिष्ट प्राण्याच्या उदाहरणावरून मांडावयाचा आहे. तो प्राणी आपल्या अंगणातील नाही आणि मुस्लिम घरांत सहसा आढळणाराही नाही. परंतु उदाहरण परके असले की स्वतःच्या सवयी क्षणभर बाजूला ठेवून विचार करणे सोपे जाते.

धावण्यासाठी वाढवलेला प्राणी

ग्रेहाउंड ही कुत्र्यांची एक जुनी जात आहे. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही, अशी त्याची ठेवण असते. नजरेने सावज हेरून वेगाने त्याचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांपैकी तो एक. अरबस्तानातील बदूंचा 'सलूकी' याच प्रकारचा आणि आपल्या मराठवाड्यात पाळला जाणारा 'कारवानी' कुत्राही याच प्रकारचा. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याच्या याच गुणाचा विसाव्या शतकात व्यापार झाला. अमेरिकेत यांत्रिक सशामागे कुत्रे पळविण्याची पद्धत निघाली आणि १९२६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात बेल व्ह्यू येथे ब्रिटनमधील अशा शर्यतींचे पहिले मैदान सुरू झाले. एक शर्यत जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते आणि त्या अर्ध्या मिनिटावर लोक पैसे लावतात.

सुमारे सव्वा वर्षाच्या वयात हा कुत्रा शर्यतीत उतरतो आणि बहुधा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत निवृत्त होतो. त्याचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक असतानाच तो 'निरुपयोगी' ठरतो. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत काही संस्था अशा कुत्र्यांना घरे मिळवून देतात. एखादे कुटुंब त्याला दत्तक घेते, त्याच्यासाठी मऊ अंथरूण घालते आणि तो दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो.

अशा घरांत एक प्रकार अनेकदा घडतो. शांत बसलेला किंवा नुकताच उठू लागलेला हा कुत्रा एकाएकी जीव जात असल्यासारखा किंचाळतो. अंग आखडते, पाय वर धरला जातो, थरकाप सुटतो. थोड्या वेळाने सारे थांबते आणि तो पूर्ववत खाऊ लागतो. पशुवैद्याकडे नेईपर्यंत तो सरळ चालत असतो. हात लावून पाहिले, क्ष-किरण चित्र काढले, रक्त तपासले, तरी काही सापडत नाही. आठवड्याने, महिन्याने पुन्हा तीच किंकाळी.

कारणे अनेक संभवतात. स्नायूंत वांब आलेली असू शकते. मानेच्या दोन मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर दाब येत असेल. कंबरेच्या शेवटच्या मणक्यापाशी मज्जातंतूंची वाट अरुंद होण्याचा विकार या जातीत बराच आढळतो. तळपायाला कुरूप होणे हेही ग्रेहाउंडचे खास दुखणे आहे. दिसायला ते मसुराएवढे असते, पण कठीण जमिनीवर पाय टेकताच जीव कळवळतो. शर्यतीच्या मैदानावर हे कुत्रे नेहमी डाव्या बाजूला वळत धावतात. त्यामुळे वळणावर सारा भार येऊन मागच्या उजव्या पायाच्या घोट्याची हाडे मोडण्याचे प्रमाण मोठे आहे आणि अशी जुनी दुखापत पुढे सांधा धरून बसते. हाडाच्या कर्करोगाचा धोकाही या जातीत अधिक आहे. शिवाय या प्राण्याचे रक्तही वेगळे असते. त्यातील तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉईडचे प्रमाण कमी असणे हेच त्याचे आरोग्य असते. ज्या पशुवैद्याला हे ठाऊक नाही, तो निरोगी अहवालाला रोग समजू शकतो आणि खरा रोग त्याच्या नजरेतून निसटू शकतो. अशा रीतीने शरीरात वेदना आहे, ती दिसते, ऐकू येते, पण तिचे नाव सापडत नाही.

पाळण्याचा प्रश्न वेगळा, दयेचा प्रश्न वेगळा

येथे काही वाचकांच्या मनात सहज येईल की, कुत्र्याविषयी इतका विचार कशाला? इस्लाममध्ये कुत्रा पाळणे पसंत केलेले नाही ना? या शंकेचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शिकार, गुरांची राखण किंवा शेती यांखेरीज अन्य हेतूने कुत्रा बाळगणाऱ्याच्या पुण्याईतून दररोज घट होत जाते, असा आशय बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आला आहे. ज्या घरात कुत्रा आहे तेथे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, हेही हदीसमध्ये आहे. कुत्र्याने भांड्यात तोंड घातल्यास ते सात वेळा व त्यांपैकी एकदा मातीने धुण्याची आज्ञा आहे. विद्वानांमध्ये मतभेद आहेत ते तपशिलात. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मताचे अनुसरण करतात, त्यानुसार कुत्रा संपूर्ण अशुद्ध आहे. हनफी विद्वानांच्या मान्य मतानुसार त्याची लाळ अशुद्ध आहे, अंग नव्हे. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा अशुद्ध नाही. या आज्ञा आपल्या जागी आहेत आणि त्या सैल करण्याचा येथे कोणताही हेतू नाही.

परंतु या आज्ञांचा संबंध आपल्या घराशी, भांड्यांशी, वस्त्रांशी आणि नमाजच्या शुद्धतेशी आहे. त्या प्राण्याच्या वेदनेला किंमत नाही, असे त्यांतील एकही आज्ञा सांगत नाही. कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर धुण्याची पद्धत सांगितली आहे, म्हणजेच स्पर्श होण्याचे प्रसंग येणार हे शरीअतने गृहीत धरले आहे. जखमी कुत्र्याला उचलणाऱ्याचा हात धुऊन शुद्ध होतो. त्याला तडफडत सोडून जाणाऱ्याच्या मनाला धुण्यासाठी मात्र कोणतीही माती सांगितलेली नाही.

गुहेत आश्रय घेतलेल्या श्रद्धावंत तरुणांची कथा सांगताना दिव्य कुरआनने त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख केला आहे. उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून तो बसलेला होता, इतका तपशील तेथे आहे (१८:१८). शिकारीसाठी शिकविलेल्या कुत्र्यांनी पकडून आणलेले सावज वैध असल्याचे सांगताना, ती विद्या अल्लाहने मानवाला दिलेल्या ज्ञानाचाच भाग असल्याचे म्हटले आहे (५:४). ज्या ग्रंथात एका कुत्र्याच्या बसण्याची पद्धत नोंदली गेली, त्या ग्रंथाच्या अनुयायांना कुत्र्याच्या किंकाळीकडे कान बंद करता येणार नाहीत.

तहानेची ओळख

आता बुखारी व मुस्लिममधील ती सुप्रसिद्ध घटना आठवा. एक माणूस वाटेने जात असता त्याला अतिशय तहान लागली. तो विहिरीत उतरला, पाणी प्याला आणि वर आला. पाहतो तर एक कुत्रा तहानेने जीभ काढून ओली माती चाटत आहे. त्याच्या मनात आले की, मला जशी तहान लागली होती तशीच याला लागली आहे. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपला चामड्याचा मोजा पाण्याने भरला, तो दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सोबत्यांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? आदरणीय प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि प्रत्येक सजीवाच्या सेवेत मोबदला असल्याचे सांगितले.

आपण ही घटना पाणी पाजण्याच्या पुण्याची कथा म्हणून मुलांना सांगतो. तिच्यातील एक पायरी मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. त्या माणसाला कुत्र्याचे दुःख कळले कसे? कुत्रा काही बोलला नव्हता. त्या माणसाने स्वतःच्या तहानेवरून त्याची तहान ओळखली. स्वतःची वेदना त्याने दुसऱ्याची वेदना समजून घेण्याचे साधन बनविली. खात्री करून घेण्याचा अन्य मार्ग त्याच्याकडे नव्हता आणि त्यासाठी तो थांबलाही नाही. जेवढे कळले तेवढ्यावर तो परत विहिरीत उतरला.

मुक्या जिवाच्या बाबतीत मानवाला मिळू शकणारे ज्ञान बहुधा एवढेच असते आणि कर्तव्यासाठी एवढे पुरेसे आहे. कारण अज्ञात असले तरी वेदना अज्ञात नसते. किंचाळणारा कुत्रा का किंचाळतो हे वैद्याला न सांगता येवो, तो वेदनेने किंचाळतो हे तर कोणालाही कळते. आपले उत्तरदायित्व निदानापाशी सुरू होत नाही, ते त्या किंकाळीपाशीच सुरू होते.

तीन सोपी उत्तरे

कारण कळत नाही ही अवस्था मानवी मनाला सहन होत नाही. म्हणून ते काहीतरी उत्तर देऊन मोकळे होते. अशी तीन उत्तरे आपल्या समाजात विशेष प्रचलित आहेत.

पहिले उत्तर : हे ढोंग आहे. आता तर चांगला चालत आहे, मघाशी काय झाले होते? लक्ष वेधून घेण्याची सवय लागली असेल. प्रत्यक्षात ज्या विकारांत मज्जातंतू मधूनच दाबला जातो, त्यांत वेदना येते आणि जाते, हेच त्या विकाराचे स्वरूप असते. वेदना थांबली म्हणून ती खोटी ठरत नाही. अनेक प्राणी तर वेदना शक्य तितकी लपवितात, कारण रानात दुर्बळ दिसणाऱ्याचा बळी आधी जातो. लपविण्याची शक्ती संपली की किंकाळी निघते.

दुसरे उत्तर : याला नजर लागली आहे किंवा एखादी बाधा झाली आहे. कुत्रा रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून ओरडला की अशा गोष्टी पसरण्यास वेळ लागत नाही. नजर लागणे सत्य असल्याचे हदीसमध्ये आहे आणि दुआ करण्यास कोणीही मनाई केलेली नाही. परंतु ज्या गोष्टीचा पुरावा आपल्यापाशी नाही, ती ठामपणे सांगणे हे अदृश्याच्या ज्ञानाचा दावा करण्यासारखे आहे. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, कारण कान, डोळे व हृदय या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, अशी ताकीद दिव्य कुरआनने दिली आहे (१७:३६). बाधेच्या नावाखाली उपचार थांबले, तर तो प्राणी आपल्या अंधश्रद्धेचा बळी ठरतो.

तिसरे उत्तर : जनावराला काय कळते? हे सर्वांत निष्ठुर उत्तर आहे आणि दिव्य कुरआनच्या शिकवणीशी ते कोठेही जुळत नाही. पृथ्वीवर चालणारे प्राणी व पंखांनी उडणारे पक्षी तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे (६:३८). सृष्टीतील प्रत्येक वस्तू अल्लाहचे पावित्र्यगान करते, परंतु तुम्हाला त्यांचे गान समजत नाही, असेही म्हटले आहे (१७:४४). या वाक्याचा रोख ध्यानात घ्या. न समजणे हा आपला उणेपणा आहे, त्यांचे मौन नव्हे. सोबत्यांनी एका चिमणीएवढ्या पक्षिणीची पिले उचलून आणली, तेव्हा ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. हिला हिच्या पिलांवरून कोणी दुःख दिले, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. ज्याला आपण जनावराची फडफड म्हणतो, त्याला त्यांनी दुःख म्हटले.

उंटाची तक्रार

अबू दाऊद यांच्या संग्रहात माननीय अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. प्रेषित (स.) एका अन्सारी व्यक्तीच्या बागेत गेले. तेथील उंटाने त्यांना पाहताच कण्हण्यास प्रारंभ केला आणि त्याचे डोळे वाहू लागले. प्रेषित (स.) त्याच्यापाशी गेले, त्याच्या कानामागे हात फिरविला, तेव्हा तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून घेतले आणि, अल्लाहने ज्या जनावराचा तुला धनी केले त्याच्याबाबत तू अल्लाहचे भय बाळगत नाहीस काय, असे विचारले. तू त्याला उपाशी ठेवतोस व राबवून थकवितोस, अशी त्याची तक्रार असल्याचे त्यांनी सांगितले.

या घटनेतील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जवळ जाणे, मग मायेचा हात, मग चौकशी आणि शेवटी जबाबदार माणसाला जाब. अन्य एका प्रसंगी, पोट पाठीला लागलेला उंट पाहून त्यांनी या मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा दिली. तेथे योजलेल्या अरबी शब्दाचा अर्थच 'ज्यांना बोलता येत नाही असे' असा आहे. मुकेपणा हेच अल्लाहचे भय बाळगण्याचे कारण म्हणून पुढे ठेवले गेले. जो तक्रार करू शकतो त्याच्या अन्यायाची दाद कोणीतरी घेईल. जो करू शकत नाही, त्याच्या बाजूने उभा राहणारा प्रत्यक्ष अल्लाह आहे.

प्रेषितांना (स.) उंटाची तक्रार अल्लाहच्या कृपेने कळली. आपल्यापाशी ते साधन नाही. आपल्यापाशी डोळे आहेत, धीर आहे आणि ज्यांना ज्ञान आहे त्यांना विचारण्याची सोय आहे. अल्लाहने असा कोणताही रोग उतरविला नाही ज्याचा उपाय उतरविला नाही, हे बुखारीत आहे. मुस्नद अहमदमधील कथनात पुढे असेही आहे की, ज्याला तो उपाय कळला त्याला कळला आणि ज्याला कळला नाही त्याला कळला नाही. 'अद्याप कळलेले नाही' ही अवस्था अशा रीतीने आपल्या धर्मशिकवणीत मान्य केलेली आहे. तीत निराशेला जागा नाही आणि शोध सोडून देण्यालाही नाही.

म्हणून वेदनेचे झटके येणाऱ्या मुक्या प्राण्याची सेवा म्हणजे आधी त्याच्याकडे नीट पाहणे. झटका केव्हा आला, त्यापूर्वी तो झोपेतून उठत होता की वळत होता, कोणता पाय उचलला, मान खाली होती की ताठ, किती वेळ चालले, हे लिहून ठेवावे. जमल्यास भ्रमणध्वनीवर चित्रण करावे. पशुवैद्याला तपासणीच्या वेळी जे दिसत नाही ते त्या चित्रणातून दिसते. झोपलेल्या प्राण्याला अचानक हात लावू नये, आधी हाक मारावी. काही ग्रेहाउंड उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यांच्याबाबत तर हे विशेष पाळावे. झटक्याच्या वेळी तोंडाजवळ हात नेऊ नये, कारण वेदनेत सौम्य प्राणीही चावतो आणि तो त्याचा दोष नसतो. आपल्या घरातील वेदनाशामक गोळी त्याला कदापि देऊ नये. माणसाला उतार देणारी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याच्या यकृताला, जठराला व मूत्रपिंडाला घातक ठरू शकते आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते. दयेला ज्ञानाची जोड नसेल तर तीही अपाय करते.

उपयोग संपल्यानंतर

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. या कुत्र्याच्या शरीरात जे दुखणे आज उफाळते, त्याचा काही भाग मैदानावर जमा झालेला असू शकतो. प्रत्येक किंकाळीचे मूळ तेथेच आहे असे म्हणता येणार नाही. तथापि ज्याने त्याच्या धावण्यावर पैसे कमावले तो केव्हाच निघून गेला आणि ज्याने काहीही कमावले नाही असे एक कुटुंब आता त्याचा औषधखर्च सोसत आहे, हे तर खरे आहे.

प्रेषितांनी (स.) घोडे व उंट यांच्या शर्यतींना परवानगी दिली होती आणि ती सामर्थ्याच्या तयारीसाठी होती. जुगार मात्र दिव्य कुरआनने अमंगळ सैतानी कृत्यांत गणला आहे (५:९०). जुगाराने पैसा उडतो, घरे उद्ध्वस्त होतात, हे आपण जाणतो. या शर्यतींवरून त्याची आणखी एक हानी दिसते. पैज लावणारा माणूस समोरच्या जिवाकडे जीव म्हणून पाहणेच विसरतो, तो त्याला आकडा म्हणून पाहतो. आकड्याचा पाय मोडत नाही. याची जाणीव आता त्या देशांतही होत आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ मध्ये या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली.

आपल्या विद्वानांनी हा प्रश्न शतकांपूर्वीच सोडविला आहे. शाफई मताचे थोर विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांचे निधन हिजरी सन ६६० मध्ये, म्हणजे इ. स. १२६२ मध्ये झाले. 'कवाइदुल अहकाम' या ग्रंथात त्यांनी मानवावर असलेले जनावरांचे हक्क सांगितले आहेत. जनावर वृद्ध झाले किंवा असे आजारी पडले की त्याचा काहीही उपयोग उरला नाही, तरी त्याच्यावर खर्च करणे मालकावर बंधनकारक आहे, हा त्यांतील एक हक्क. त्याच्या शक्तीपलीकडे त्याच्यावर भार टाकू नये, हा दुसरा. उपयोग हा हक्काचा पाया नाही. जीव अल्लाहचा आहे आणि आपल्या ताब्यात आहे, हाच पाया आहे.

मांजर बांधून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस याच अर्थाने वाचावी. तिने मांजराला मारले नव्हते. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि किडामुंगी शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. बांधणे म्हणजे त्याची स्वतःची सोय करण्याची शक्ती आपण काढून घेणे होय. ती काढून घेतल्याच्या क्षणापासून त्याची भूक व त्याची वेदना आपल्या हिशेबात लिहिली जाते.

निरपराध जिवाला वेदना का?

येथपर्यंत आल्यावर एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याने कोणतेही पाप केले नाही, ज्याच्यावर कोणतीही आज्ञा लागू नाही, त्याला अल्लाहने वेदना का द्यावी? श्रद्धावंताला काटा रुतला तरी त्याद्वारे त्याची पापे झडतात, हे हदीसमध्ये आहे आणि आजारी माणसाला त्याने मोठा धीर येतो. परंतु कुत्र्याच्या माथी झडण्यासाठी पापच नाही.

आपल्या पूर्वसूरींनी हा प्रश्न टाळला नाही. मोअतजिला पंथीयांचे म्हणणे होते की, अल्लाह न्यायी आहे म्हणून तो प्राण्यांना त्यांच्या वेदनेची भरपाई अवश्य देईल. अशअरी विद्वानांनी उत्तर दिले की, सृष्टीच्या स्वामीवर कोणतीही गोष्ट बंधनकारक ठरविण्याचा अधिकार दासाला नाही. तो देईल ते त्याच्या कृपेने. या वादात आपण न पडलो तरी मुस्लिममधील हदीस आपल्यासमोर आहे. निवाड्याच्या दिवशी हक्कदारांना त्यांचे हक्क असे परत केले जातील की, शिंगे नसलेल्या बकरीचाही बदला शिंगे असलेल्या बकरीकडून घेतला जाईल. ज्या दरबारात बकरीची तक्रार ऐकली जाईल, तेथे कोणतीही किंकाळी वाया जाणार नाही, इतके आपल्या समाधानासाठी पुरेसे असावे.

मात्र या प्रश्नातून आपल्याला आजच उपयोगी पडणारा एक बोध मिळतो. निरपराध प्राण्याला वेदना होते, यावरून वेदना ही शिक्षेची खूण नव्हे, हे सिद्ध होते. तरीही आपण दीर्घ आजारी माणसाविषयी, अपंग मुलाच्या आईवडिलांविषयी किती सहज बोलून जातो की, यांनी काहीतरी केले असेल! माननीय अय्यूब (अलै.) यांच्यासारख्या प्रेषितालाही वेदना भोगावी लागली होती. दुसऱ्याच्या वेदनेचे आध्यात्मिक कारण सांगण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. तिच्यावर फुंकर घालण्याचे काम दिलेले आहे.

कधी असाही प्रसंग येतो की उपचार संपतात आणि असह्य वेदना उरते. अशा वेळी प्राण्याचे जीवन संपविण्याविषयी विद्वानांची मते एकसारखी नाहीत. जाणत्या पशुवैद्याचे म्हणणे ऐकून, विश्वासू आलिमला विचारून निर्णय घ्यावा. परंतु खर्च वाचावा किंवा कटकट टळावी, हा हेतू त्या निर्णयात नसावा. अल्लाहने प्रत्येक बाबतीत उत्तम वर्तन ठरवून दिले आहे, जबह करतानाही सुरी धारदार असावी व जनावराला आराम द्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण शेवटच्या क्षणालाही लागू आहे.

आपल्या घरात

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ग्रेहाउंड कधीच येणार नाही. कोकणातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या कुटुंबाच्या शेजारी तो असू शकेल आणि त्या शेजाऱ्याची विचारपूस करणे हा शेजारधर्मच आहे. परंतु ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही असा जीव प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा असतो.

रात्रभर रडणारे तान्हे मूल असते. स्मृती हरपलेली आजी असते, ती अंघोळीच्या वेळी ओरडते आणि आपण म्हणतो की म्हातारपणी हट्ट वाढला. तिच्या खांद्याचा सांधा धरला असेल, हे कोणाच्या मनात येत नाही. शेतावर पाय ओढत चालणारा बैल असतो. बकरी ईदच्या आधी चार दिवस घरी आणून बांधलेला बोकड असतो. त्याने चारा का सोडला हे पाहायचे कोणी, तर जो तो ईदच्या खरेदीत. गल्लीत वाहनाची धडक बसलेला कुत्रा असतो आणि मुले त्याच्याकडे आपण कसे पाहतो ते पाहत असतात.

या प्रत्येक ठिकाणी विहिरीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचा विचार करावा. आपण पाणी पिऊन वर आलो आहोत, आपली तहान भागली आहे, आणि समोर कोणीतरी ओली माती चाटत आहे. त्याला काय झाले हे पूर्णपणे कदाचित कधीच कळणार नाही. पुन्हा विहिरीत उतरण्यासाठी ते पूर्णपणे कळण्याची गरज नाही.

अल्लाह आपल्याला मुक्या जिवांच्या बाबतीत त्याचे भय बाळगणारे, वेदना ओळखणारे डोळे आणि कोमल अंतःकरण लाभलेले दास बनवो. ज्या वेदनेचे कारण आपल्याला उमगत नाही, तिच्या सेवेत थकू न देवो. आमीन.